पर्गोला किट बसवताना : आधी पाय, मग छत

पर्गोला म्हणजे परसात खांबांवर उभा केलेला, वर उघड्या पट्ट्यांचा मांडव. त्याचं किट सुट्या भागांत येतं आणि खोक्यावर 'दोन माणसं, चार तास' असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण तो हिशेब जमिनीच्या वरचा आहे. जमिनीखालच्या कामाला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते काम खोक्यात येत नाही. बहुतेकांचा पर्गोला फसतो तो इथेच.

माझाही फसला होता. परसात आधीच शहाबादी फरशी होती, म्हणून बसवायला आलेल्या पोरांनी फरशीलाच भोकं पाडून फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारे बोल्ट, ठोकले. वर मीच हौसेने पारदर्शक पत्रा टाकून घेतला. एप्रिलच्या अखेरीस वळीव आला आणि पावसाआधी वारा. सकाळी बघतो तर पश्चिमेकडचे दोन्ही पाय उचललेले, आणि एका पायाच्या प्लेटला ताटाएवढा फरशीचा तुकडा तसाच चिकटून वर आलेला. त्याखाली जेमतेम दोन इंच कोबा. फास्टनर जागचा हलला नव्हता. त्याने धरलं होतं ते चोख धरलं होतं, फक्त धरायला खाली काही नव्हतं.

पुढचं सगळं ॲल्युमिनियमच्या, चार खांबांच्या, ३ मी. × ४ मी. मापाच्या आणि वर उघड्या पट्ट्या असलेल्या किटला धरून लिहिलं आहे. लाकडी किंवा लोखंडी किट असेल तर जोडणी बदलेल, पायाचं काम तेच राहील.

१. खरेदीआधी : ऊन कुठून येतं ते बघा

किट मागवण्याच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून परसात बसा. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता सावल्या कुठे पडतात त्याचे मोबाइलवर फोटो काढा. हा उद्योग फुकटचा आहे, तरी तो कोणी करत नाही.

पट्ट्यांची दिशा यावरच ठरते. पट्ट्यांची लांबी दक्षिणोत्तर ठेवली तर पूर्व-पश्चिम फिरणारं ऊन त्या आडवतात. १०० मि.मी. उंचीच्या पट्ट्या आणि मध्ये १०० मि.मी. फट असेल, तर सूर्य ४५ अंशांखाली उतरला की छतातून थेट ऊन येत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर ही वेळ दुपारी साडेतीनच्या सुमाराला येते. भर दुपारी मात्र पट्ट्यांचा उपयोग निम्माच. पुण्याचा शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास असतो, तेव्हा साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पट्ट्यांच्या फटींमधून सरळ खाली उतरतो.

आणि साडेतीननंतर? तेव्हा ऊन छतातून येतच नाही, ते बाजूने येतं. सूर्य ४५ अंशांवर असताना २.४ मी. उंचीच्या छताखाली ऊन पश्चिमेकडून २.४ मी. आत शिरतं. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या पर्गोल्यात चहाच्या वेळी सावलीला अर्धी खुर्ची उरते. म्हणून पश्चिमेच्या बाजूला उभी जाळी, बांबूची चिक किंवा वेल यांचा विचार पहिल्या दिवशीच करा. वर पत्रा टाकून हा प्रश्न सुटत नाही. लोक नेमका तोच टाकतात.

सावध : उघड्या पट्ट्यांच्या किटवर भरीव पत्रा किंवा ताडपत्री नको. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारतीय मानकात पुण्यासाठी ३९ मीटर प्रति सेकंद हा मूळ वेग धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबई आणि नागपूरसाठी ४४. ताशी १४० च्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला ९० किलो होतो. बारा चौरस मीटरचं छत झाकलं की हा आकडा हजार किलोच्या पुढे जातो. अख्ख्या किटचं वजन शे-सव्वाशे किलो. पत्रा हवाच असेल तर किट न घेता इंजिनिअरकडून शेड डिझाइन करून घ्या.

परवानगीचं एकदाच विचारून मोकळे व्हा. बंगल्याभोवतीच्या मार्जिनमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, काय चालतं ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा, सोसायटी असेल तर लेखी घ्या. शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकवून खांब उभा करायचा नाही. पाणी त्याच्या बाजूला पडलं की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

२. जमिनीत काय पुरलंय ते शोधा

ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक, बोअरची पाइपलाइन, मीटरपासून मोटारीकडे गेलेली केबल, अर्थिंगचा खड्डा. घर बांधणारा मिस्त्री अजून फोन उचलत असेल तर त्याला बोलावून घ्या. चेंबरची झाकणं उघडून पाइप कोणत्या बाजूला जातो ते बघा आणि दोन चेंबरांमध्ये फक्कीने रेघ मारा. त्या रेषेपासून खांबाचा खड्डा किमान दोन फूट लांब असावा.

वरही बघा. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर पर्गोल्याच्या छतावरून जात असेल तर जागा बदला. ॲल्युमिनियमचा चार मीटरचा बीम हातात उभा धरून वळताना वायर किती जवळ येते ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. एप्रिल-मेमध्ये काँक्रीटला पाणी पुरत नाही आणि वळीव कधी येईल याचा नेम नसतो. जूनमध्ये खड्ड्यात पाणी साचतं.

३. खोकं उघडा, पण जोडू नका

सगळे भाग पुठ्ठ्यावर मांडा आणि यादीशी मोजून घ्या, एकेक बोल्टसुद्धा. कमी पडलं तर तक्रार आत्ताच करायची, कारण खड्डे खणून झाल्यावर थांबायची ताकद राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले साधे लोखंडी बोल्ट 'तात्पुरते' लावू नका. ओल्या हवेत ॲल्युमिनियमला लोखंड लागलं की सांध्याशी गंज आणि पांढरी भुकटी धरते. स्टेनलेसचेच हवेत, आणि कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे.

मग टेप घ्या आणि खांबाची प्लेट, प्लेटवरची भोकं, बीमची लांबी स्वतः मोजा. माहितीपत्रकावर विसंबायचं नाही. सगळ्यात महाग चूक याच जागी होते. '३ × ४' हे माप बहुतेक किटमध्ये बाहेरून बाहेरचं असतं. खांब १०० मि.मी. जाडीचे आणि छताच्या कडेला असतील, तर खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २.९ मी. आणि ३.९ मी. येतं. छत खांबांबाहेर आलेलं असेल तर आणखी कमी. खड्डे ३ आणि ४ वर खणले की बीम दहा सेंटिमीटर आखूड पडतो. मग फॅब्रिकेटर म्हणतो, 'साहेब, वेल्डिंगने जोडून देतो.' पावडर कोटिंग जळतं ते जळतंच.

तपासा : मध्य ते मध्य मापं कागदावर लिहिली का? त्या कागदाचा फोटो काढा. मिस्त्री तुमच्या तोंडचं माप विसरेल, फोटोतलं विसरणार नाही.

४. आखणी

घराच्या भिंतीला समांतर पहिली लाइनदोरी बांधा. पर्गोला घराला अगदी किंचित तिरका असला तरी रोज डोळ्याला टोचतो. तिच्याशी काटकोन काढायला ३-४-५ : एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, दोन खुणांमध्ये ५ फूट आले की गुण्या बरोबर. मिस्त्री लोखंडी गुण्याने काढतो तो लहान असतो आणि चार मीटरवर चूक वाढते, म्हणून ६-८-१० घ्या.

शेवटी कर्ण मोजा. २.९ × ३.९ ला दोन्ही कर्ण ४.८६ मी. यायला हवेत. चारही बाजू बरोबर आणि कर्ण वेगवेगळे, याचा अर्थ चौकोन पतंगासारखा कललाय. पाच मि.मी. फरक चालेल. वीस मि.मी. असेल तर पुन्हा दोरी ताणा, कारण ॲल्युमिनियमची भोकं माफ करत नाहीत.

खड्डा खणताना खुंट्या जाणारच. म्हणून दोऱ्या खड्ड्यांच्या बाहेर तीन-चार फुटांवर खुंट्या ठोकून बांधा. दोरी काढून ठेवता येते आणि नंतर त्याच खुंटीला परत लावता येते.

५. खड्डे आणि काँक्रीट

अंगणात फरशी असली तरी खांबाच्या जागची फरशी कटरने कापून काढायची. 'खाली पीसीसी (सळईविना काँक्रीट) आहे' असं कोणी म्हणालं तर कापल्यावर जाडी मोजा. तीन-चार इंचांचा पीसीसी बसायला-चालायला असतो, ओढून धरायला नाही.

मुरुमाच्या जमिनीत खड्डा ४५ × ४५ सें.मी., खोली ७५ सें.मी. आमच्याकडे, पुण्याच्या पूर्वेला, काळी माती आहे. उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात जातो आणि पावसात तीच फुगून वर येते. तिच्यात ठरलेली खोली झाली म्हणून थांबायचं नाही, मुरूम लागेपर्यंत जायचं. पाच फुटांवरही मुरूम दिसला नाही तर इंजिनिअरला बोलवा. भरताना खड्ड्याच्या कडेला तीच काळी माती परत टाकू नका, मुरूम टाकून धुमसा.

एम-२० काँक्रीट म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, घमेल्याने मोजून. ४५ × ४५ × ७५ चा एक खड्डा ०.१५ घनमीटरचा, म्हणजे चार खड्ड्यांना साधारण पाच गोणी सिमेंट. हे चार पाय मिळून १,४०० किलोंच्या वर जातात. उघड्या पर्गोल्याला खाली धरून ठेवणारं वजन हेच. पाणी गोणीला २५ लिटर, फार तर २८. मजूर 'पातळ केलं की आपोआप बसतं' म्हणेल. बसतं खरं, पण ताकद जाते. घट्ट ठेवा आणि सळईने कोचा.

आत १० मि.मी. च्या चार उभ्या सळ्या आणि रिंगांचा पिंजरा घाला, आणि त्याला १२ मि.मी. चे, खाली वाकवलेले, फूटभर लांबीचे फाउंडेशन बोल्ट बांधा. खांब स्वतः काँक्रीटमध्ये पुरू नका. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं.

आता प्लायवूडचा तुकडा घ्या, त्यावर खांबाची प्लेट ठेवून भोकं तंतोतंत पाडा आणि बोल्ट त्यातून वर काढा. हा साचा काँक्रीट घट्ट होईपर्यंत काढायचा नाही. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून चिकटपट्टी गुंडाळा. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात हे सगळं केलं आणि साचा मात्र संध्याकाळीच काढला, कारण तो कुत्र्याने पळवू नये अशी भीती. रात्रीत एक बोल्ट अर्धा सेंटिमीटर कलला. तो सरळ करायला मग अर्धा दिवस आणि दीड हात पाइप लागला.

चौथऱ्यांची, म्हणजे काँक्रीटच्या पायांच्या जमिनीवर दिसणाऱ्या भागांची, पातळी. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, बहुधा मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे चार मीटरवर जवळजवळ ४ सें.मी. तो बिघडवायचा नाही. चारही चौथऱ्यांचे माथे मात्र एका पातळीत हवेत, फरशीपासून कुठे एक इंच वर तर कुठे अडीच. यासाठी पारदर्शक नळीची पाणसळ घ्या, नळीत बुडबुडा नाही ना ते बघा. दोन फुटी स्पिरिट लेव्हल चार मीटरवर कामाची नाही.

तपासा : काँक्रीट ओलं असतानाच चारही साच्यांमधले कर्ण पुन्हा एकदा मोजा. आत्ता बोटाने सरकतं, उद्या छिन्नीने.

पाणी मारणं : वरून गोणपाट टाकून दहा दिवस ओलं ठेवा. दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट असतं, त्याला सातऐवजी दहा दिवस द्या. दिवसातून दोनदा बादली ओतणं म्हणजे ओलं ठेवणं नाही. गोणपाट कधीच सुकता कामा नये.

६. उभारणी

हा भाग खोक्यावर लिहिल्याप्रमाणे होतो, म्हणून थोडक्यात. फक्त दोनाच्या जागी चार माणसं घ्या.

भागांवरची पातळ फिल्म सांध्यांच्या जागी जोडण्याआधीच सोलून घ्या. उन्हात दोन आठवडे राहिली की ती बोटाच्या नखानेही निघत नाही आणि सांध्यात अडकलेली कायमची फडफडते.

प्रत्येक प्लेटखाली रबरी पॅड ठेवा, म्हणजे ॲल्युमिनियम थेट सिमेंटवर बसत नाही. आधी दोन खांब आणि त्यांच्यामधला बीम जमिनीवर जोडा, कमान तयार होईल. ती उभी करून चौथऱ्यावर बसवा, नट हाताने फिरवा, दोरीने दोन बाजूंना ताण द्या. मग दुसरी कमान, मग आडवे बीम, शेवटी पट्ट्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिला बोल्ट लावला की लगेच पान्याने करकचून आवळायचा. मग तिसऱ्या खांबाची भोकं जुळत नाहीत आणि दोष कंपनीला. सगळे बोल्ट बोटाने, सैल. चौकट पूर्ण झाल्यावर ओळंबा सोडून प्रत्येक खांब दोन बाजूंनी बघा, वर बीमचे कर्ण मोजा, गरज असेल तिथे प्लेटखाली स्टेनलेसची पातळ पट्टी सरकवा, आणि मगच आवळा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. इम्पॅक्ट ड्रिल नको. स्टेनलेसचा नट वेगात फिरवला की आट्यांवर असा जाम बसतो की पुढे-मागे कुठेच जात नाही, कापावाच लागतो. आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचं बोट लावा आणि हाताच्या पान्याने काम करा.

सावध : अर्धवट चौकट रात्रभर तशी सोडू नका. पट्ट्यांशिवाय ती डुलते. उशीर झालाच तर चारही कोपऱ्यांना दोर बांधून खुंट्यांना ताणा.

७. दिवे

दिवा लावायचा विचार असेल तर खांबाचं टोपण बसवण्याआधी आतून पाइप आणि ओढदोरी टाकून ठेवा. नंतर बाहेरून क्लिपा ठोकलेली वायर वर्षभरात सैल होऊन लोंबते. वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडून, ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की जोडणी तोडणारा स्विच). ओलं अंगण, अनवाणी पाय आणि धातूचा खांब आहे, इथे कंजुषी नको.

८. वेल, जाळी आणि पहिला वळीव

वेल थेट तापलेल्या ॲल्युमिनियमवर चढवला की कोवळे तणावे करपतात. खांबापासून चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून ३ मि.मी. ची स्टेनलेस तार ताणा आणि वेल तिच्यावर न्या. रोप पायाच्या काँक्रीटपासून दोन फूट लांब लावा.

कोणता वेल, हा प्रश्न वजनाचा आहे. जाई किटला झेपते. मधुमालती सुंदर, पण तीन वर्षांत ती मांडव स्वतःच्या नावावर करते. बोगनवेलीच्या फांद्या जड असतात आणि छाटताना काटे टोचतात. दाट वेल पावसात भिजला की तो वेल राहत नाही, वर सांगितलेला भरीव पत्राच होतो, आणि वारा त्याच न्यायाने उचलतो. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात छाटणी, छतातून आकाश दिसेल इतकी. दुधी-दोडक्याचा मांडव करायचा असेल तर हरकत नाही. फक्त तो पावसाळ्यात गच्च होतो आणि मेमध्ये, सावली हवी तेव्हा, त्याच्या वाळक्या काड्या असतात.

शेडनेट टाकणार असाल तर ५० टक्क्यांचं, आणि ते सुतळीने बांधा, तारेने नाही. जोराचा वारा आला तर सुतळी तुटायला हवी, खांब नाही. सुतळीचं बंडल पन्नास-साठ रुपयांना येतं.

पहिला वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी पाना घेऊन चारही पायांचे सोळा नट तपासा. एखाद-दुसरा पाव आटा फिरतो, तो आवळा. प्लेटच्या कडेला पाणी साचून राहिलं असेल तर रबरी पॅडची कड कापून वाट करून द्या. चौथऱ्याभोवती केसासारखी बारीक भेग दिसली तर पेन्सिलीने तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. पावसाळा संपल्यावर भेग खुणेच्या पुढे गेलेली असेल, तर तो पाय मुरुमापर्यंत पोहोचलेला नाही.